रात्रीच्या जेवणाची फ्रीजरमधली आगाऊ तयारी: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

संध्याकाळी सात-साडेसातला घरी पोचून साडेआठला सगळ्यांना गरम जेवायला वाढायचं असतं, अशा घरांसाठी हे लिहिते आहे. आमच्याकडे ही पद्धत आता रुळली आहे. सुरुवात केली तेव्हा जी माहिती मिळायची ती बहुतेक सूप, पास्ता आणि ओव्हनमधल्या पदार्थांची होती. मटकीची उसळ, वरण, आळूवडी, खोबऱ्याचं वाटण यांचं गोठवल्यावर काय होतं, हे एकत्र कुठे मिळत नव्हतं. ते इथे क्रमाने मांडते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगते. पूर्ण जेवण गोठवू नका. आपल्या स्वयंपाकात वेळ जातो तो भिजवण्यात, मोड आणण्यात, कांदा-खोबरं भाजण्यात, वाटण्यात, उकडण्यात. ही कामं रविवारी उरका आणि त्यातून जे तयार होईल तेवढंच गोठवा. फोडणी, पोळी-भाकरी, भात आणि कोशिंबीर रोज ताजी करा. घरातली मोठी माणसं ‘हे शिळं आहे’ म्हणतात, त्यात तथ्य आहे. दोन आठवड्यांपूर्वी फोडणी दिलेली उसळ नुसती गरम केली तर ती तशीच लागते. पण मोड आलेली मटकी आणि वाटण फ्रीजरमधून काढून, त्याच वेळी मोहरी-कढीपत्त्याची फोडणी देऊन केलेली उसळ ताजीच असते. आमच्या सासूबाई आता स्वतः विचारतात, वाटणाचे गोळे किती उरलेत म्हणून.

लागणारं सामान

- झिपलॉकच्या जाड पिशव्या, फ्रीजरसाठी असलेल्या. भाजीच्या पातळ पिशव्या चालत नाहीत.
- घट्ट झाकणाचे छोटे स्टीलचे किंवा फूड-ग्रेड प्लास्टिकचे डबे. एका डब्यात एका वेळचं मावेल एवढेच.
- बर्फाचे १-२ ट्रे, वाटण आणि आलं-लसणासाठी.
- बटर पेपर, कागदी चिकटपट्टी, न पुसणारा मार्कर.
- फ्रीजरमध्ये ठेवायचा थर्मामीटर. महाग नसतो, आणि पहिली खरेदी हीच करा.
- मोठी परात, चाळणी, मोदकपात्र किंवा इडलीपात्र, आणि भरपूर बर्फ.

लोणच्याच्या किंवा जॅमच्या काचेच्या बरण्या वापरू नका. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि बरणी तडकते. तडकलेली काच वरणात गेली की अख्खा डबा फेकावा लागतो.

१. आधी आपला फ्रीजर ओळखा

अन्न महिनोन्‌महिने चांगलं राहायचं तर फ्रीजरचं तापमान उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी हवं. थर्मामीटर पाकिटांच्या मध्ये रात्रभर ठेवून सकाळी बघा. थर्मामीटर आणेपर्यंत अंदाज घ्यायचा असेल तर आइस्क्रीमकडे बघा. ते आत नेहमीच मऊ राहत असेल, तर तुमचा फ्रीजर पुरेसा थंड नाही.

इथे एक घोळ हमखास होतो. फ्रिजच्या दारावरच्या स्टिकरचे तारे वीजबचतीचे असतात. गोठवण्याच्या क्षमतेचे तारे वेगळे, ते फ्रीजरच्या झाकणावर किंवा माहितीपत्रकात असतात. एक तारा म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. एकदारी फ्रिजमध्ये वरच्या बाजूला छोट्या झाकणाआड जो कप्पा असतो, तो बऱ्याचदा उणे १८ पर्यंत पोचत नाही. तुमचा तसा असेल तरी ही पद्धत जमते, फक्त मुदत कमी धरा: उणे १२ ला महिनाभर, उणे ६ ला एक आठवडा. आणि कप्प्यात बर्फाचा जाड थर साठू देऊ नका. थर वाढला की जागाही जाते आणि थंडावाही नीट पोचत नाही.

फ्रीजर एकदम भरूनही टाकू नका. ६० लिटरच्या फ्रीजरमध्ये एका दिवसात नवा माल २ ते ३ किलोपेक्षा जास्त घातला, तर तो हळूहळू गोठतो. हळू गोठलेल्या पदार्थात बर्फाचे मोठे स्फटिक होतात, ते भाजीच्या पेशी फाडतात आणि वितळल्यावर सगळं पाणचट होतं. म्हणून पहिल्या रविवारी दोन-तीनच पदार्थ करा.

२. काय गोठवायचं, काय नाही

निम्म्या चुका इथेच होतात, म्हणून हा भाग जरा सविस्तर.

*कांदा-खोबऱ्याचं वाटण.* एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. ४ मोठे कांदे उभे चिरून थोड्या तेलावर चांगले तांबूस-काळपट होईपर्यंत भाजा. दीड वाटी किसलेलं सुकं खोबरं वेगळं, मंद आचेवर भाजा. १०-१२ लसणीच्या पाकळ्या, इंचभर आलं घालून अगदी कमी पाण्यात बारीक वाटा. अर्ध्या-अर्ध्या वाटीचे भाग करा. एक भाग चौघांच्या एका उसळीला किंवा रश्श्याला पुरतो. मिसळीचा कट, चिकनचा रस्सा, भरली वांगी, काळ्या वाटाण्याची आमटी, सगळ्याची निम्मी मेहनत इथे वाचते. गोडा मसाला मात्र वाटणात घालू नका. लवंग, मिरी, लसूण यांची चव गोठवल्यावर कडवट आणि उग्र होत जाते, मीठ उलट फिकं लागतं. लसूण वाटणाला हवीच, ती असू द्या. मसाला आणि मीठ शिजवताना घाला.

*मोड आलेली कडधान्यं.* मटकी, मूग, मसूर उत्तम गोठतात. मोड लांब होऊ देऊ नका, अर्ध्या इंचाच्या आतच थांबवा. २ मिनिटं वाफवून, गार करून, पूर्ण कोरडी करा आणि मग भरा. अर्धा किलो कोरडी मटकी चौघांच्या साधारण ३ उसळींना पुरते.

*शिजवलेले छोले, राजमा, चवळी, काळे वाटाणे.* रात्रभर भिजवून कुकरला मऊ शिजवा, शिजलेल्या पाण्यासकट भरा. नुसते दाणे भरले तर वरून सुकतात. राजमा नेहमी पूर्ण शिजवूनच ठेवा. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यातल्या विषारी घटकाने उलट्या-जुलाब होतात.

*वरण.* तुरीची डाळ हळद-हिंग घालून शिजवा, घोटा, घट्टच ठेवा. फोडणी नको. यातून एके दिवशी साधं वरण, दुसऱ्या दिवशी आमटी, तिसऱ्या दिवशी वरणफळं.

*आळूवडी आणि कोथिंबीर वडी.* उंडे १५-२० मिनिटं उकडा, पूर्ण गार करा, मगच कापा. गरम कापले तर चुरा होतो. कापे ताटलीत सुटे पसरून २-३ तास गोठवा आणि नंतर एका पिशवीत भरा. असं केलं की एकमेकांना चिकटत नाहीत आणि हव्या तेवढ्या वड्या काढता येतात. साध्या वरण-भाताच्या दिवशी चार वड्या ताटात पडल्या की मुलं तक्रार करत नाहीत.

*भाजलेल्या वांग्याचा गर.* हिवाळ्यात जळगावकडची भरताची वांगी मिळाली की जास्त आणा, भाजा, सोला, गर कुस्करून भरा. कांदा, मिरची, दाणे भरीत करताना घाला.

*मटार, फरसबी.* उकळत्या पाण्यात मटार दीड ते दोन मिनिटं, फरसबी ३ मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग कोरडं करून भरा. ही पायरी गाळलीत तर भाजीतले एन्झाइम गोठल्यावरही हळूहळू काम करत राहतात आणि महिन्या-दोन महिन्यांत रंग आणि चव जाते.

*मांसाहार.* खिमा आणि चिकनचा रस्सा शिजवून चांगला गोठतो. कच्चं चिकन आलं-लसूण-हळद चोळून एका वेळच्या मापात ठेवता येतं, पण ते ताजं आणलेलं हवं. दुकानातून गोठलेलं आणलेलं चिकन घरी बाहेर वितळलं असेल तर कच्चं परत गोठवू नका. ते शिजवा आणि मग गोठवा. मासे साफ करून, कापडाने टिपून, हळद आणि कोकमाचं आगळ लावून एका थरात ठेवा. १ जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी लागते, त्याआधी मे महिन्यात आमच्याकडे याची तयारी असते. बांगडा, तारलीसारखे तेलकट मासे २ महिन्यांच्या आत संपवा, कारण त्यांची चरबी फ्रीजरमध्येही खवट होते.

आता काय गोठवू नये ते. बटाट्याच्या फोडी भुसभुशीत होतात. उसळीत, रश्श्यात बटाटा लागत असेल तर तो त्या दिवशीच घाला. कुस्करलेला बटाटा बरा टिकतो, म्हणून पावभाजी आणि वड्याचं सारण चालतं. कढी, ताकातल्या भाज्या, नारळाच्या दुधाचा पांढरा रस्सा फुटतो. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग चिवट होतो, अंडाकरीचा रस्सा गोठवा आणि अंडी ताजी उकडा. पनीरचा भुगा होतो. काकडी, कच्चा टोमॅटो, कोशिंबिरी अर्थातच नाहीत. थालीपिठाचं भिजवलेलं पीठ कांद्यामुळे पाणी सोडतं. पिठलं, मेथी, झुणका दहा-पंधरा मिनिटांत होतात, त्यांना फ्रीजरची जागा देऊ नका. भाताचंही तेच, आणि त्यात आणखी एक कारण आहे: शिजलेला भात तासन्‌तास ओट्यावर राहिला तर त्यात वाढणारा जंतू जे विष तयार करतो, ते पुन्हा गरम करूनही जात नाही.

पोळ्यांबद्दल सगळे विचारतात. दोन्ही बाजूंनी हलक्या भाजून, गार करून, मध्ये बटर पेपर घालून ठेवता येतात आणि थेट तव्यावर पूर्ण भाजता येतात. पाहुणे येणार असतील तेव्हा उपयोगी. रोजच्यासाठी मला ताजी पोळीच बरी वाटते. भाकरी मात्र नाहीच, ती कोरडी पडून तुटते.

३. शुक्रवार-शनिवारची भिजवण

मोड आणायची कडधान्यं शुक्रवारी सकाळी भिजवा, संध्याकाळी उपसून फडक्यात बांधा. रविवार सकाळपर्यंत मोड येतात. थंडीच्या दिवसांत अर्धा दिवस आधी सुरू करा. छोले किंवा राजमा शनिवारी झोपताना. बर्फाचे ट्रे शनिवारीच भरून ठेवा, रविवारी बर्फ कमी पडतो तेव्हाच त्याची किंमत कळते. कांदे सोलणं, लसूण निवडणं शनिवारी रात्री टीव्हीसमोर बसून दोघांनी केलं की रविवारचा तास वाचतो.

४. रविवारचा क्रम

क्रम महत्त्वाचा आहे, कारण ओट्यावर शेगड्या तीन-चारच असतात.

1. आधी छोले किंवा राजमा कुकरला लावा. त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि गार व्हायलाही.
2. दुसऱ्या शेगडीवर कांदा भाजायला टाका, बाजूला खोबरं.
3. तिसऱ्यावर मोदकपात्रात वड्यांचे उंडे.
4. कुकर मोकळा झाला की डाळ.
5. वड्या उतरल्या की त्याच वाफेवर मोड आलेली मटकी.
6. मांसाहार असेल तर सगळ्यात शेवटी. कच्च्या चिकन-मासळीची सुरी आणि पाट वेगळे ठेवा, आणि ओटा धुतल्याशिवाय डबे भरायला घेऊ नका.

एवढ्याला अडीच ते तीन तास लागतात. त्याच दिवशी दुपारचं जेवण वेगळं करू नका, यातलंच खा.

५. लवकर गार करा

हा टप्पा सगळ्यात नाजूक. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ थांबते. ५ ते ६० अंशांच्या मध्ये अन्न जितका वेळ राहील तितके ते वाढतात, आणि तेच जंतू अन्नासोबत फ्रीजरमध्ये जातात. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नका. एप्रिल-मे मध्ये स्वयंपाकघर ३२ अंशांच्या वर असतं, तेव्हा एक तासाच्या वर नको.

‘आपोआप गार होईल’ म्हणून वरणाचं भरलेलं पातेलं झाकून ठेवलं, तर ते मधोमध रात्रीपर्यंत कोमट राहतं. त्याऐवजी परातीत ओता, पसरट थर करा. किंवा सिंकमध्ये बर्फाचं पाणी भरून त्यात पातेलं ठेवा आणि डावाने ढवळत राहा. अर्ध्या तासात काम होतं. त्यानंतर डबे भरून थोडा वेळ फ्रिजमध्ये, मग फ्रीजरमध्ये. गरम डबा थेट फ्रीजरमध्ये ठेवला तर शेजारची गोठलेली पाकिटं वरून वितळतात.

६. भरणं आणि चिठ्ठी लावणं

एका पाकिटात एका वेळचं, याला अपवाद नको. दोन किलो छोल्यांचा एकच गोळा गोठवलात तर बुधवारी वाटीभर हवे असताना सगळा वितळवावा लागेल.

पिशवीत भरून हवा काढा, आडवी ठेवून साधारण २ सेंटिमीटर जाडीची पसरट करा, ताटावर गोठवा. गोठल्यावर ही पाकिटं पुस्तकांसारखी उभी लावता येतात, आणि वितळतातही लवकर. डब्यात भरताना वर बोटभर जागा सोडा. हवा राहिली तर पदार्थाचा वरचा भाग पांढरट, कोरडा पडतो. त्याने तब्येत बिघडत नाही, पण चव जाते.

चिकटपट्टी पिशवी कोरडी आणि कोमट असतानाच लावा, गोठलेल्या पिशवीवर ती चिकटत नाही. त्यावर चार गोष्टी लिहा: पदार्थ, तारीख, किती जणांचं, आणि पुढे काय करायचं. उदाहरणार्थ, ‘मटकी + वाटण १ भाग, चौघांची, फोडणी, गोडा मसाला १ चमचा, मीठ, गूळ’. ही चौथी ओळ सोडू नका. घरी आधी पोचणारं कुणीही, नवरा असो की कॉलेजातली मुलगी, ती वाचून स्वयंपाक सुरू करू शकतं. चिठ्ठी नसेल तर सगळी विचारणा परत तुमच्याच फोनवर येते आणि या खटाटोपाचा अर्धा फायदा जातो.

मुदती, उणे १८ धरून: वाटण, शिजवलेली कडधान्यं, वरण २-३ महिने. वड्या २ महिने. खिमा आणि चिकनचा रस्सा २-३ महिने. उकळत्या पाण्यातून काढलेले मटार ८ महिने किंवा जास्त. यानंतर पदार्थ लगेच बिघडतो असं नाही, पण खाण्यात मजा राहत नाही.

७. वितळवणं आणि गरम करणं

सकाळी ऑफिसला निघताना पाकीट ओट्यावर काढून ठेवायची सवय बहुतेक घरांत असते. ही सवय मोडा. बाहेरचा भाग दिवसभर खोलीच्या तापमानाला राहतो, आत बर्फ असतो. आदल्या रात्री पाकीट खालच्या फ्रिजमध्ये, ताटलीत ठेवा. चिकन-मासळी तर सगळ्यात खालच्या कप्प्यात, म्हणजे पाणी इतर अन्नावर टपकणार नाही.

विसरलात तर? पसरट पाकीट बंद असतानाच गार पाण्याच्या भांड्यात बुडवा, अर्ध्या तासात सुटतं. वरण आणि छोल्यांचा गोळा तर थेट पातेल्यात, अर्धी वाटी पाणी घालून, झाकण ठेवून मंद आचेवर चालतो. पिशवी मात्र उकळत्या पाण्यात टाकू नका, आणि तसं लिहिलेलं नसेल तर मायक्रोवेव्हमध्येही नको.

वाटणाचा गोठलेला गोळा कडकडीत तेलात टाकू नका, तेल अंगावर उडतं. फोडणी झाली की आच मंद करा, चमचाभर पाणी शिंपडा, गोळा घाला आणि झाकण ठेवा. वड्या न वितळवता तव्यावर थोड्या तेलात मंद आचेवर परता. वितळवल्या तर ओलसर होऊन तुटतात. तळायच्या असतील तर वरचे बर्फाचे कण आधी झटका.

रस्सा, वरण, खिमा नुसता कोमट करून वाढू नका, पूर्ण उकळी येऊ द्या. मधोमध ७४ अंशांपर्यंत जायला हवं. फ्रिजमध्ये वितळलेलं आणि न वापरलेलं अन्न परत गोठवता येतं, चव थोडी उतरते. ओट्यावर वितळलेलं परत गोठवू नका.

८. वीज गेली तर

पूर्ण भरलेला फ्रीजर दार न उघडता साधारण ४८ तास गोठलेला राहतो, अर्धा भरलेला २४ तास. देखभालीसाठी पाच-सहा तास वीज गेली तर काही बिघडत नाही. फक्त बघायला म्हणून दार उघडू नका. फ्रीजर अर्धा रिकामा असेल तर पाण्याच्या बाटल्या पाऊण भरून आत ठेवा, थंडावा जास्त टिकतो.

गावाला जाण्याआधी एका वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवा आणि वाटी फ्रीजरमध्येच राहू द्या. परत आल्यावर नाणं वरच असेल तर माल तसाच गोठलेला राहिला आहे. ते तळाशी गेलेलं असेल, तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे. अशा वेळी शिजवलेले पदार्थ, चिकन आणि मासे टाकून द्या, पाकिटं वरून कितीही टणक दिसली तरी.